दुसरा तीळ

आपल्याकडे तिळाकडे पाहायची दृष्टी बहुतांशी भविष्य सांगणाऱ्याची. गालावरचा तीळ रूपाचा, तळहातावरचा धनाचा, आणि तळपायावर असला तर त्या माणसाच्या पायाला भिंगरी. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या बायका पाळण्यातल्या पोराच्या पायावर तीळ दिसला की हा तारवटी होऊन बोटीवर जाणार, असे सांगून मोकळ्या होत. सुश्रुताने मात्र तिळाची नोंद वैद्याच्या वहीत केली. निदानस्थानात क्षुद्ररोगांची जी यादी आहे तीत तिलकालक, मषक, जतुमणी, न्यच्छ अशी नावे सापडतात. क्षुद्र म्हणजे किरकोळ. आणि ते खरेही आहे. जन्मभर अंगावर वागवलेले बहुतेक तीळ माणसाबरोबर निमूटपणे चितेवर जातात.

जो एखादा जात नाही, वाढतो, रंग बदलतो, रक्त सांडतो आणि त्वचेला काळा रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग होऊन बसतो, त्याला मेलॅनोमा म्हणतात. आज मला लिहायचे आहे ते मात्र अपवादातल्या अपवादाविषयी. ज्याला एकदा मेलॅनोमा झाला, तो कापून काढला, माणूस बरा झाला, अशालाच काही वर्षांनी दुसऱ्याच जागी दुसरा मेलॅनोमा होतो. तो का होतो, कुणाला होतो, आणि हे माणसाला कळले कसे, याचा इतिहास मोठा वाचनीय आहे. मी वैद्यकातला नव्हे. पण डॉक्टरांच्या जुन्या नोंदी वाचायचा नाद आहे, आणि या नादात जी काही माणसे भेटली त्यांत स्टूरब्रिजच्या डॉक्टरांची गाठ मला विसरता येत नाही. त्यांच्याकडे येतोच.

आधी एक भेद स्पष्ट केला पाहिजे, नाहीतर पुढचे काहीच लागणार नाही. कर्करोग झालेल्या माणसाच्या अंगावर दुसरी गाठ दिसली तर तिचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, पहिल्याच गाठीचे बी रक्तातून किंवा रसवाहिन्यांतून वाहत जाऊन दुसरीकडे रुजले. म्हणजे रोग पसरला. दोन, पहिल्याशी काही नाते नसलेली नवी गाठ स्वतंत्रपणे जन्मली. डॉक्टर हिला दुसरी प्रायमरी म्हणतात. रोग्याच्या दृष्टीने या दोन अर्थांत जीवनमरणाचे अंतर आहे. पसरलेला मेलॅनोमा हा अगदी अलीकडेपर्यंत मृत्यूचाच निरोप होता. नवी गाठ मात्र कोवळी असताना सापडली तर छोट्या शस्त्रक्रियेत निघून जाते. आरशासमोर उभ्या राहिलेल्या रोग्याला हा फरक दिसत नाही. त्याला दिसतो फक्त आणखी एक काळा डाग.

लंडनचे प्रख्यात शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७८७ साली एका ३५ वर्षांच्या माणसाच्या जबड्याच्या कोपऱ्यामागची गाठ काढली. ती एकदा काढूनही पुन्हा आली होती. काही भाग पांढरा, काही मऊ आणि काळा. हे काय आहे ते हंटर यांना उमगले नाही. पण न उमगलेली वस्तू फेकून द्यायची नाही हा त्यांचा स्वभाव, म्हणून त्यांनी ती बरणीत घालून ठेवली. तो संग्रह पुढे रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या हंटेरियन संग्रहालयात गेला. १९४१ च्या बॉम्बवर्षावात त्या संग्रहालयाचा मोठा भाग नष्ट झाला, ही बरणी वाचली. १९६८ साली सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर ठरले की तो मेलॅनोमाच होता. निदान व्हायला १८१ वर्षे लागली!

नाव दिले फ्रेंचांनी. स्टेथॉस्कोप शोधणारे रने लाएनेक यांनी १८०४ साली पॅरिसमध्ये या काळ्या रोगाबद्दल व्याख्यान दिले आणि १८०६ मध्ये ते छापले. काळा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी त्याला मेलॅनोज म्हटले. त्यावर त्यांचे गुरू द्युपुइत्रन रागावले. शिष्याने माझ्याच कल्पना उचलल्या, असे त्यांचे म्हणणे. भांडण बरेच चालले. असो, गुरुशिष्यांची भांडणे सगळ्या देशांत सारखीच.

आता स्टूरब्रिज. बर्मिंगहॅमजवळचे, काचेच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव. तिथे विल्यम नॉरिस नावाचे एक सामान्य व्यवसाय करणारे डॉक्टर होते. १८२० साली एडिंबरोच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी एका ५९ वर्षांच्या रोग्याची हकिकत प्रसिद्ध केली. या गृहस्थाच्या बेंबीखाली पोटावर एक तीळ होता, तो वाढून गाठ झाली. गाठ काढली, काही आठवड्यांतच ती पुन्हा उगवली, रोग अंगभर पसरला आणि रोगी गेला. नॉरिस यांनी स्वतः शवविच्छेदन केले आणि आत काय काय काळे दिसले ते लिहून ठेवले.

इथवरचे कुठल्याही चांगल्या डॉक्टराने केले असते. नॉरिस यांचे वेगळेपण यापुढचे. त्यांनी चौकशी केली तेव्हा कळले की रोग्याचा बापही तीसेक वर्षांपूर्वी अशाच रोगाने गेला होता. मग त्यांनी घरातल्या माणसांच्या अंगावरचे तीळ पाहिले. रोग्याच्या अंगावर पुष्कळ, त्याच्या मुलांच्या अंगावर पुष्कळ, बापाच्या आणि भावांच्या अंगावरही तसेच असल्याचे समजले. धाकट्या मुलाला तर नेमक्या त्याच जागी तीळ होता जिथे बापाचा रोग सुरू झाला. यावरून हा रोग आनुवंशिक असावा असे आपले मत झुकते, असे नॉरिस यांनी नोंदवले. १८२० साली! मेंडेलचा वाटाण्यांवरचा निबंध छापून यायला अजून ४६ वर्षे होती आणि डार्विन शाळकरी पोर होता. ना जनुक हा शब्द, ना गुणसूत्र कुणी पाहिलेले. एका गावातल्या डॉक्टरापाशी होते ते एवढेच: तीन पिढ्या ओळखणारी स्मरणशक्ती आणि माणसाचा सदरा काढून अंग नीट बघायची सवय.

१८५७ साली नॉरिस यांनी अशा आठ रोग्यांचा वृत्तान्त स्वतंत्र पुस्तिकेत मांडला. तिळांशी संबंध पुन्हा सांगितला आणि या रोग्यांत फिकट केसांची, गोऱ्या कातडीची माणसे जास्त दिसतात, हेही नोंदवले. आज दुसऱ्या मेलॅनोमाचा धोका कुणाला, असे विचारले तर उत्तरात पहिल्यांदा येणाऱ्या तिन्ही गोष्टी, म्हणजे घराण्यातला रोग, अंगावरचे भरपूर तीळ आणि गोरी कातडी, स्टूरब्रिजच्या त्या टिपणांत आहेत. तरी पुढची जवळजवळ शंभर वर्षे त्याकडे कुणी फारसे वळून पाहिले नाही. गावातला डॉक्टर काय लिहितो ते राजधानीतले मोठे डॉक्टर वाचत नाहीत, ही रीत तिकडेही होती म्हणायची.

दुसऱ्या गाठीचा प्रश्न धसास लागला तो न्यूयॉर्कमध्ये. मेमोरियल रुग्णालयातले शल्यविशारद जॉर्ज पॅक यांनी सहकाऱ्यांसह १९५२ साली एकाहून अधिक मूळ मेलॅनोमा झालेल्या १६ रोग्यांची हकिकत छापली. हे पॅक मोठे चमत्कारिक आयुष्य जगले. अर्जेंटिनाच्या एव्हा पेरोन यांच्यावर १९५१ साली त्यांनीच गुपचूप शस्त्रक्रिया केली. आपल्याला कुणी कापले हे त्या बाईंना शेवटपर्यंत कळू दिले नव्हते. पुढे १९६६ साली पेरू देशातल्या सुमारे २४०० वर्षांपूर्वीच्या ममींमध्ये मेलॅनोमाच्या खुणा आढळल्याचे जे लिखाण आले, त्याचेही एक लेखक हेच. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने ते १६ रोगी महत्त्वाचे.

दुसरी गाठ नवीन की पसरलेली, हे ठरवायचे कसे? उत्तर पॅथॉलॉजिस्टच्या काचपट्टीवर आहे. मेलॅनोमा जिथे जन्मतो तिथे त्याची मुळे त्वचेच्या वरच्या थरात, बाह्यत्वचा आणि तिच्याखालची त्वचा जिथे मिळतात त्या सांध्यावर दिसतात, आणि आजूबाजूला त्याची कोवळी अवस्थाही सापडते. वाहत आलेली गाठ बहुधा खालच्या थरात गोळा होऊन बसते, वरचा थर सुटाच राहतो. आर्थर ॲलन आणि सोफी स्पिट्झ यांनी १९५३ साली या परीक्षा तपशिलाने मांडल्या. फसवणारे अपवाद असतात, तरी रोग्याला "हा पसरलेला नाही, नवा आहे" असे खात्रीने सांगता येऊ लागले ते अशा परीक्षांमुळे. पुढे १९७० साली अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी गाठीची जाडी मिलिमीटरमध्ये मोजायची साधी पद्धत दिली. जितकी पातळ तितका जीव सुरक्षित. या लहानशा मोजपट्टीने किती घरांत सुटकेचा निःश्वास टाकला गेला असेल!

त्याच १९५२ साली कॉली नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी एका कुटुंबाची नोंद केली: बाप आणि त्याच्या तीन मुलांपैकी दोघे, तिघांनाही मेलॅनोमा. नॉरिस यांचा धागा १३२ वर्षांनी पुन्हा हाताला लागला. १९७८ मध्ये वॉलेस क्लार्क आणि सहकाऱ्यांनी अशा घराण्यांतल्या माणसांचे तीळच वेगळे असतात असे दाखवले. आकाराने मोठे, कडा अस्पष्ट, रंग एकसारखा नाही, आणि संख्येने पुष्कळ. त्यांनी दोन घराण्यांच्या आडनावांतली आद्याक्षरे घेऊन त्याला बी-के तिळांचे लक्षणसमूह म्हटले. हेन्री लिंच यांनी त्याच वर्षी दुसरे लांबलचक नाव दिले, १९८० मध्ये तिसरे आले, आणि १९९२ साली अमेरिकेतल्या सरकारी परिषदेने चौथे सुचवले. बारशाला इतकी भांडणे झाली तरी बाळ तेच होते. अशा घरांत एकाच माणसाला दोन, तीन, क्वचित त्याहून अधिक मेलॅनोमा होताना दिसत.

१९९४ साली त्या घराण्यांतल्या अनेकांमध्ये दोष सापडला तो नवव्या गुणसूत्रावरच्या सीडीकेएन२ए या जनुकात. पेशीने विभागायचे थांबावे म्हणून जो ब्रेक असतो, त्यातला एक हे जनुक घडवते. ब्रेक जन्मतःच अर्धा निकामी असेल तर अंगावरच्या सगळ्याच रंगपेशी थोड्या उतारावर उभ्या असतात. एक घसरली ती कापून काढली म्हणून बाकीच्यांचा उतार जात नाही. दुसऱ्या मेलॅनोमाचे मर्म माझ्या मते या एका गोष्टीत आहे. शस्त्रक्रिया गाठ काढते, उतार काढत नाही. नेदरलंड्समध्ये लायडनजवळच्या काही खेड्यांत या जनुकातला एकच विशिष्ट दोष अनेक घराण्यांत सापडतो, कारण त्यांचा मूळपुरुष एक. एका देवाचे कुळावी असावेत तसे. त्यांच्यात स्वादुपिंडाचा कर्करोगही जास्त आढळतो.

पण जनुक म्हणजे ब्रह्मलिखित नव्हे, हे सांगणारा एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. २००२ साली बिशप आणि सहकाऱ्यांनी तीन खंडांतली ८० घराणी तपासली. सगळ्यांत याच जनुकाचा दोष. ८० वर्षांच्या वयापर्यंत मेलॅनोमा होण्याचे प्रमाण युरोपात ५८ टक्के, अमेरिकेत ७६, आणि ऑस्ट्रेलियात ९१. जनुक तेच, ऊन निराळे! अर्थात ही घराणी रोग जास्त म्हणूनच निवडलेली होती. २००५ मध्ये कॉलिन बेग आणि सहकाऱ्यांनी घराणे न पाहता सर्वसामान्य रोग्यांपासून सुरुवात करून हिशेब केला, तेव्हा तोच आकडा २८ टक्क्यांवर आला. आकडा कुठून उचलला हे न विचारता घाबरू नये, ते यासाठी.

उन्हाची बाजू आधीच पुढे आली होती, तीही ऑस्ट्रेलियातून. हेन्री लँकेस्टर या संख्याशास्त्रज्ञांनी १९५६ साली दाखवले की युरोपीय वंशाच्या लोकांत मेलॅनोमाचे मृत्यू विषुववृत्ताकडे जावे तसे वाढतात. आयर्लंड-स्कॉटलंडच्या ढगांखाली मुरलेली कातडी क्वीन्सलँडच्या उन्हात नेऊन ठेवली, तिचा हा हिशेब. तांबडे केस आणि गोरी कातडी यांच्याशी निगडित असलेले एमसी१आर जनुक १९९५ मध्ये ओळखले गेले. रोज उन्हात राबणाऱ्यापेक्षा वर्षभर घरात राहून सुट्टीत एकदम भाजून घेणाऱ्याला या रोगाचा धोका अधिक, असेही अनेक पाहण्यांत आढळले. कळंगुटच्या वाळूवर डिसेंबरात लालबुंद होऊन पडलेले पाहुणे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. हा अभ्यास त्यांच्यासाठी आहे. ऑस्ट्रेलियाने १९८० पासून सदरा घाला, मलम लावा, टोपी चढवा अशी मोहीम चालवली. १९९२ मध्ये नांबूर गावातल्या १६२१ लोकांवर चाचणी सुरू झाली. निम्म्यांना रोज मलम लावायला सांगितले, बाकीच्यांना मर्जीवर सोडले. २०११ साली निकाल आला: रोज लावणाऱ्यांत ११ मेलॅनोमा, दुसऱ्या गटात २२. आकडे लहान आहेत, पण दिशा स्पष्ट आहे.

बेग यांचे नाव वर आले. त्यांची आणि मॅरियन बर्विक यांची एक युक्ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. रोगाचे कारण शोधायचे तर रोग्यांची तुलना निरोग्यांशी करतात. यांनी तुलना केली ती एकदा मेलॅनोमा झालेल्यांची दोनदा झालेल्यांशी. आपल्या कौलारू घरांचा अनुभव आठवा. पावसात एका ठिकाणी गळले तर एखादे कौल सरकले असेल, माकडाने हलवले असेल. दुसऱ्या खोलीतही गळले की माणूस वर चढून वासे तपासतो. दुसरी गाठ ही दुसरी गळती. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, इटली आणि अमेरिका या चार देशांतले २४२४ एकदाचे आणि १२१० अनेकदाचे रोगी त्यांनी गोळा केले. त्या सदोष जनुकाचे लोक दुसऱ्या गटात अधिक निघाले. पण दोन्ही गटांत ते शेकड्यात मोजकेच होते. म्हणजे दोनदा मेलॅनोमा होणाऱ्यांतल्या बहुतेकांपाशी तो प्रसिद्ध दोष नसतोच. त्यांच्यापाशी असते ते पुष्कळ लहान गोष्टींचे ओझे: तिळांची संख्या, त्यांतले काही विचित्र तीळ, कातडीचा रंग, लहानपणचे भाजणे, वाढते वय.

पॅक यांच्या जुन्या रुग्णालयातूनच २००५ साली सविस्तर हिशेब आला. १९९६ ते २००२ या काळातल्या ४४८४ रोग्यांपैकी ३८५ जणांना, म्हणजे ८.६ टक्क्यांना, दोन किंवा अधिक मेलॅनोमा झाले होते. एवढे मोठे रुग्णालय अवघड रोगी ओढून घेते, म्हणून सर्वसाधारण लोकांत प्रमाण याहून कमी धरावे. अनेकदा झालेल्यांत घरात रोग असणारे २१ टक्के, एकदाच झालेल्यांत १२. विचित्र तीळ असणारे ३८ टक्के, तर दुसरीकडे १८. दुसरी गाठ ५९ टक्क्यांना वर्षाच्या आतच सापडली. याचे एक कारण मला असे वाटते की पहिल्या वर्षात डॉक्टर आणि रोगी दोघेही डोळ्यांत तेल घालून पाहत असतात. आणि सर्वांत महत्त्वाचे: ७४ टक्क्यांत पहिली गाठच सर्वांत जाड होती. दुसरी पातळ, म्हणजे कोवळी असताना पकडलेली. पहिली गाठ माणसाला बेसावध गाठते, दुसरीची वाट पाहणारे कुणीतरी असते.

आता आपले काय? वरचे जवळजवळ सगळे आकडे गोऱ्या लोकांचे आहेत, ते आपल्या सावळ्या अंगावर जसेच्या तसे चढवता येत नाहीत. आपल्या कातडीतला रंग हीच मोठी छत्री आहे आणि मेलॅनोमा आपल्यात विरळा. पण जो होतो तो बहुधा नेमका तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली, जिथे ऊन पोचतच नाही. या प्रकाराला रिचर्ड रीड यांनी १९७६ साली वेगळे काढून नाव दिले. दुसऱ्याच वर्षी त्याचा जगातला सर्वांत प्रसिद्ध रोगी निघाला. हणजुण्याच्या बाजारात ज्यांच्या चेहऱ्याचे बनियन दोरीवर लटकत असतात ते बॉब मार्ली. पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा डाग फुटबॉल खेळताना लागल्याचा समजला गेला होता. १९७७ मध्ये निदान झाले, अंगठा कापायला त्यांनी नकार दिला, आणि ११ मे १९८१ रोजी मायामीत वयाच्या ३६ व्या वर्षी ते गेले.

म्हणून मेलॅनोमा होऊन गेलेल्या माणसाला जाणकार डॉक्टर ठरावीक महिन्यांनी बोलावतात तेव्हा फक्त जुना व्रण पाहून सोडत नाहीत. केसांखालची कातडी, पाठ, मांड्यांची मागची बाजू, पायाच्या बोटांच्या बेचक्या, नखे आणि तळवे, सगळे पाहतात. घरात आणखी कुणाला झाला होता का, हेही विचारतात. पाठ स्वतःची स्वतःला दिसत नाही, तिथे घरातल्या माणसाचे डोळे लागतात.